न धुतलेली पट्टी

मनात राग धरून ठेवू नये म्हणतात. मी धरला. चांगला वर्षभर धरला, आणि त्याचा मला जरासुद्धा पस्तावा नाही.

नांदेडला मी रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. काम प्लास्टिकचं. दुधाच्या पिशवीवर साध्या स्केचपेननं लिहून बघा. बोट फिरवलं की पुसून जातं. शाई असो, रंग असो की डिंक, पॉलिथिन कशालाच धरून ठेवत नाही. म्हणून ते बनतानाच त्याच्या रेणूंच्या साखळीत मध्येमध्ये दुसरं एक रसायन, अ‍ॅक्रिलेट ओवायचं, म्हणजे शाईला बसायला जागा मिळते. हे ओवण्याचं काम निकेलचा उत्प्रेरक करतो. पण गंमत अशी की ज्या अ‍ॅक्रिलेटला ओवायचं, तेच निकेलला जाऊन चिकटतं आणि त्याला मारून टाकतं. माझे किती उत्प्रेरक असे मेले, विचारू नका. शेवटी निकेलभोवती मी अशी दांडगी रचना बांधली, की अ‍ॅक्रिलेटला आत येता यावं पण ठाण मांडून बसता येऊ नये. निघालेली पावडर दाबून पहिली पट्टी केली. लिहिलं, घासलं, पुसलं गेलं नाही. लॅबमध्ये मी एकटीच नाचले.

आणि लगेच सरांचा भाचा आमच्याच लॅबमध्ये पीएचडीला आला. सर म्हणजे माझे गाईड. भाचा लातूरचा, कायम पहिल्या नंबरात, पाठांतर असं की स्वल्पविराम सुटायचा न्हाई. केबिनमध्ये तो खुर्चीत बसलेला, मी उभी. सर म्हणाले, “हे काम आता हा करील. तू काय, आज ना उद्या लग्न होऊन जाशील. तू आपलं साधं पॉलिथिनचं जुनं काम पुरं कर.”

आयत्या बिळावर नागोबा! बनवलं मी, आणि नाव याचं लागणार. डोळ्यात पाणी आलं, पण ते रागाचं होतं. तरी कामाची माया असते ना, म्हणून म्हटलं, “सर, याला एक सांगायचं राहिलं. पट्टी दाबायच्या आधी ती पावडर...”

“विचारलं तेवढंच बोलत जा,” सर म्हणाले. भाचा हसला.

बरं, म्हटलं. लई बरं.

मी सांगणार होते ते एवढंच, की पावडर आधी अ‍ॅसिटोननं धुवून घे. उदगीरला आमचं कापडाचं दुकान आहे. जाणतं गिऱ्हाईक टोक भिजवून, चोळून बघतं, रंग पक्का हाय का कच्चा. तसंच हे. साखळीत ओवलेलं अ‍ॅक्रिलेट धुऊन निघत नाही. पण निकेल मधेच मेला, तर उरलेलं अ‍ॅक्रिलेट आपलं आपण वेगळंच गोठतं आणि पॉलिथिनमध्ये नुसतं मिसळून बसतं. दिसायला सारखंच. वरवर शाईसुद्धा धरतं. धुतलं की गेलं वाहून.

भाच्यानं माझी कृती तोंडपाठ करून टाकली, पण मला एक शब्द विचारला नाही. कसा विचारील, इज्जत जाईल ना! येता-जाता मी त्याचा फ्लास्क बघायची. तळाला काळं बसलेलं. निकेल मेला, हे मला दारातूनच कळायचं. मी आपली माझं साधं पॉलिथिन करून राहिले होते. मग त्याची पट्टी निघाली, शाई बसली, सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

मग लातूरच्या एका कॉलेजात चर्चासत्र झालं. भाचा व्यासपीठावर, सर पहिल्या रांगेत, आणि पाहुण्यांच्या चहापाण्याचं बघायला आणलेली मी त्यांच्या शेजारी. भाषण झकास झालं. बाहेरून एक शास्त्रज्ञ मॅडम आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “पावडर अ‍ॅसिटोननं धुतली होती का?”

भाच्यानं सरांकडे बघितलं. सर उठले, माझ्याकडे हात केला, “ते या मुलीकडे होतं.” आणि खाली बसता बसता माझ्या कानात, “हाव, धुतली म्हण. रिसर्च पेपरात तुझं नाव पहिलं लावतो.”

वर्षभर ज्याच्यासाठी जीव जळत होता, ते एका ‘हाव’वर मिळत होतं. पण कशावर? त्याच्या नासक्या पट्टीवर. आणि खरं सांगू? सत्याची चाड वगैरे लई नंतरची गोष्ट. मला सरांचं तोंड बघायचं होतं.

उभी राहिले. “न्हाई मॅडम. धुतलेली न्हाई. मला धुवायला कुणी सांगितलंच न्हाई. धुतली तर अ‍ॅक्रिलेट वाहून जाईल. माझी पट्टी मात्र धुतलेल्या पावडरीची हाय.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मग धुवूनच बघू. तुझी पट्टी आहे का जवळ?”

होती. पर्समध्ये, कागदात गुंडाळून. भाच्यानं दाखवायला आणलेली आणि माझी, दोन्ही पट्ट्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या अ‍ॅसिटोनच्या बरण्यांत बुडवल्या आणि सगळे जेवायला गेले. सर जेवले नाहीत. मी पुरी-भाजी पुन्हा मागून घेतली.

परत आल्यावर मॅडमनी पट्ट्या काढून वाळवल्या आणि भाच्याची पट्टी स्केचपेनसकट सरांच्या हातात दिली. “लिहा काहीतरी.” सरांना काय सुचणार, त्यांनी आपलं स्वतःचंच नाव लिहिलं. मॅडमनी अंगठा फिरवला. नाव अंगठ्याला लागून आलं. पट्टी कोरी.

भाचा भिंतीकडे बघत होता. मॅडमनी माझी पट्टी पुढे सरकवली. “आता हिच्यावर, जिनं बनवली तिचं नाव लिहा.”

सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

“घासा,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी अंगठा फिरवला. नाव तसंच. पुन्हा फिरवला.

“जोर लावून घासा, सर,” मी म्हणाले.