अंगणातले चाकांचे ठसे

आमची पिकअप जुनी आहे. ह्यांनी फौजेतून आल्यावर घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली. घर कुंडल गावात आणि ऊस ओढ्यापलीकडे. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन तिकडच्या वाटेला दोन खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासायचा. त्याला कंटाळून दिवाळीनंतर ह्यांनी गाडी उंच करायचं काढलं.

ह्यांच्या पलटणीतले एक मित्र गावातच असतात. दोघांनी पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातला. मागच्या बाजूला पाटे आणि दोन्ही चाकं जोडणारा ॲक्सल यांच्या मध्ये वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेले लोखंडी ठोकळे बसवले. बसवायच्या आधी ठोकळ्यांना रंग दिला. फौजेत राहिलेल्या माणसाला रंग दिल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या अंगणाच्या कडेचे दगडसुद्धा एक गेरूचा, एक चुन्याचा असे आहेत. रंगाचे तीन हात दिले, उन्हात वाळवले, मग बसवले.

गाडी दिसायला छान झाली, पण उजवीकडे ओढायला लागली. स्टेअरिंग जरा सैल धरलं की समोरून येणाऱ्या गाडीच्या अंगावर जायची. सांगलीला विश्रामबागेत चाकांची अलाइनमेंट करून आणली, तरी तेच. दुसऱ्यांदा नेली तेव्हा मीही बरोबर होते. तिथला माणूस म्हणाला, "पुढची चाकं एकदम सरळ हायत बघा. गाडीचं वय झालं काका, आता ओढणारच."

परत येताना एका वळणावर समोरून एसटी आली. ह्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग डावीकडे खेचलं. घरी आलो. जेवताना हे म्हणाले, "विकून टाकतो. पलूसचा एक जण मागतोय. गुरुवारी बघाय येणार हाय."

मी म्हणाले, "बरं."

माझं सगळ्याला बरंच असतं. पण मनात आई आली. माझी आई वाईच्या पलीकडे डोंगरातल्या वाडीत राहते. एसटी खालीच सोडते, पुढे तासाभराची चढण. तिला आता खाली उतरवत नाही आणि माझे गुडघे वर चढू देत नाहीत. पिकअप तेवढी दारापर्यंत जाते. दोन-तीन महिन्यांनी हे मला नेतात, मी तिचं डोकं धुऊन देते, गोधडीला टाके घालते आणि परत येते. गाडी गेली की हे सगळं संपणार होतं. ह्यांना तसं सांगावं म्हणून दोनदा चुलीपासून उठले आणि दोनदा परत बसले.

मंगळवारी सकाळी अंगणात सडा घातला. तेवढ्यात ह्यांनी शेतावर जायला गाडी काढली, सरळ फाटकापर्यंत नेली आणि तेच मित्र आले म्हणून तिथेच थांबवली. दोघे कट्ट्यावर चहाला बसले. मी रांगोळीचा डबा घेऊन आले, तर ओल्या मातीवर चाकांचे ठसे.

हे ठसे मी कितीतरी वर्षं पुसत आले आहे. मागचं चाक पुढच्याच्या ठशावरून जायचं, म्हणून एका बाजूला एकच पट्टा उमटायचा. आता दोन-दोन दिसत होते. मागच्या चाकाचा ठसा पुढच्यापेक्षा दोन-तीन बोटं डावीकडे, आणि दोन्ही बाजूंना तसाच.

परक्या माणसासमोर बोलायची मला सवय नाही. मी खाली बसले. पुढच्या चाकाच्या ठशाच्या कडेने पांढरी रेघ ओढली, मागच्याच्या कडेने लाल. फाटकापर्यंत तशीच ओढत गेले.

"आता ही कसली रांगोळी?" ह्यांनी विचारलं. "आज काय सण हाय?"

मित्र हसले. "वहिनी गाडीची पाठवणी करत्यात गड्या. आता ओटी भरा म्हणजे झालं."

मी मान वर केली नाही. "आवं, मागचं चाक पुढच्यावरनं जात न्हाई. आधी जायचं."

"माती ओली हाय, घसरलं असंल," मित्र म्हणाले.

"घसरलं असतं तर एका जागी दिसलं असतं. हे फाटकापतोर सारखंच हाय."

दोघे कट्ट्यावरून उठून ठशांपाशी आले. त्यांच्यासमोर एवढं मी कधी बोलले नव्हते.

ह्यांनी सरी आखायची दोरी आणली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत धरली. उजवीकडे मापून गाठ मारली आणि तीच दोरी डावीकडे लावली. डावीकडे ती बोटभर कमी पडली. म्हणजे मागचा ॲक्सल तिरका बसला होता. पुढची चाकं कितीही सरळ केली तरी उपयोग नव्हता.

जॅक लावून डावा ठोकळा काढला. पाटे एकत्र धरणाऱ्या बोल्टाचं डोकं ठोकळ्याच्या भोकात बसायला हवं होतं. भोकात रंग साचून ते अरुंद झालं होतं. डोकं आत न जाता काठावर चढलं होतं, आणि ह्यांनी तसंच आवळून टाकलं होतं.

"रंग कुणी दिला रं?" ह्यांनी विचारलं.

"पहिला हात माझा. ही जी ढेकळं हायत ती तुझी."

कानशीने भोक साफ केलं आणि ठोकळा नीट बसवला. बुधवारी परत विश्रामबागेत गेलो, कारण आता पुढची चाकं नव्याने जुळवायची होती. काम झाल्यावर त्या माणसाने विचारलं, "काका, कुणी पकडलं हे?" ह्यांनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. मी पदर सारखा करून समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

गुरुवारी पलूसचा माणूस आला. गाडी चालवून बघितली आणि म्हणाला, "झ्याक हाय की! विकताय कशाला?"

"व्हय, मीबी तेच म्हणतो," हे म्हणाले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

रविवारी वाईला निघालो. साताऱ्याच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा होता. ह्यांनी स्टेअरिंगवरची बोटं क्षणभर उचलली. "बघ," म्हणाले. गाडी सरळ चालली होती. मी बघितलं आणि म्हणाले, "बरं. आता धरा."

आई दारातच उभी होती. तिला कृष्णेच्या घाटावर न्यायचं ठरलं होतं. ती गाडीपाशी आली, दाराच्या पायरीकडे बघितलं, मग जावयाकडे.

"आवं, एवढी उच्ची केलीसा, मी काय शिडी लावून चढू व्हय?"

शेजारच्या घरातून लाकडी स्टूल आणलं आणि तिला वर चढवलं. आता तसलंच एक स्टूल आमच्या गाडीत कायम असतं. ह्यांनी त्यालाही रंग दिला आहे.