शिवादादाची पडलेली गाणी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दाढ दुखली तरी सांगतो. बसा जरा. एका दमात सांगून होईल असं वाटत नाही.

आमच्या ह्या बेटावरच्या बों अक्योय गावचा शिवादादा तुम्हाला ठाऊक नसेल, पण त्याचं सायकलीचं गाणं ऐकलं असेल. चोरीला गेलेल्या सायकलीसाठी नवरा धाय मोकलून रडतो आणि बायको हसत बसते, ते. अर्धं मराठी, अर्धं इथल्या क्रेओल बोलीत, आणि ठेका असा की पार बेटाच्या दक्षिण टोकाला शमें ग्रेनिएपर्यंत त्याच्याशिवाय लग्न उरकत नव्हतं. राजधानीत, पोर्लुईला जाऊन त्याची रेकॉर्ड काढली, तेव्हा सगळं गाव चिन्याच्या बुतिकात ऐकायला जमलं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

मी त्याचा शेजारी. तेव्हा पंचविशी उलटलेली, ऊस तोडून तोडून हात सोललेले. ह्या माणसानं माझ्या हातात अकॉर्डियन दिलं आणि बोटं धरून शिकवलं. आज चार पोरांना सूर शिकवून मी घर चालवतो, ते त्याच्यामुळं. हे आधीच सांगतो — पुढचं ऐकताना मी कुणाचं खाल्लं ते ध्यानात असू द्या.

पुढच्या रेकॉर्डच्या वेळी त्यानं मला विचारलं, तुझी एखादी चाल आहे का? एक बाजू तुझी, एक माझी. असं कोण देतं हो? मी हरखून गेलो. पण म्हटलं, दादा, माझं नाव नको. लोक काय म्हणतात ते आधी बघू. बरं, म्हणाला. शब्द दिला त्यानं.

माझी बाजू पडली. त्याच्या पुढच्या रेकॉर्डलाही पडली. त्याचं गाणं वाजायचं, आणि रेकॉर्ड उलटली की लोक बाटलीकडे वळायचे.

मग बुतिकात वाद सुरू झाले. एक म्हणे, दादाला नावाचा माज आला. दुसरा म्हणे, नाही रे, वय झालं. एकाच रेकॉर्डमध्ये एक गाणं सोनं आणि एक माती, हे होतंच कसं? कुणीतरी माझ्याकडे वळलं — तू तर त्याच्यासोबत वाजवतोस, तूच सांग. मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. आणि मी काय बोललो?

"दादाला आता पूर्वीसारख्या चाली सुचत नाहीत," मी म्हणालो.

लोकांनी माना डोलावल्या. घरचाच माणूस बोलला ना. लग्नाची बोलावणी कमी झाली. जिथं बोलावलं तिथं सांगायचे — दादा, नवं नको, जुनंच म्हणा. ते ऐकताना त्याचा चेहरा कसा व्हायचा — मी शेजारीच उभा असायचो. पाहायचो.

तिसऱ्यांदाही त्यानं मला चाल मागितली. दोनदा तोंडावर आपटलेल्या माणसाला! ती लागली. उसाच्या फडात डबा घेऊन येणाऱ्या बाईचं गाणं. बुतिकात लोक टेबल बडवायला लागले — दादा परत आला, दादा परत आला. आणि मला ते सोसवेना.

"ही चाल माझी आहे," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

दादा तिथंच होता, घासलेट घ्यायला आलेला. हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होय, ह्याचीच. माझ्यापेक्षा बरी."

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणी बोललं — म्हणजे दादाची दोन पडली आणि ह्याचं पहिलंच लागलं. सगळे हसले. दादानं माझ्याकडे पाहिलं. थांबला तो. चिन्यानं घासलेट मोजून दिलं, बाटलीला बूच लावलं, तेवढा वेळ थांबला. मी अकॉर्डियनचा पट्टा नीट करत राहिलो. मग तो बाटली घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला नेहमीसारखी हाक मारली, बसवलं, आणि एका जागी माझी करंगळी चुकत होती ती सुधारून दिली. त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. मरेपर्यंत नाही. असा माणूस मला मिळाला, ह्याचं मला आजही नवल वाटतं. करंगळी आता चुकत नाही.

इंग्रजांचा झेंडा उतरून इथं आमचा चढला, त्याच्या आदल्या वर्षी दादा गेला. बुतिकात वाद अजून चालतो — शेवटी शेवटी तो का घसरला म्हणून. मी तिथंच बसलेला असतो.

तो घसरला नव्हता. सायकलीचं गाणं त्याचं, त्या दोन रेकॉर्डच्या चांगल्या बाजू त्याच्या. पडली ती दोन्ही माझी. त्याचं एकही पडलं नाही.