नामेलेच्या पानाखालची कॅसेट

सरकारी दफ्तरखान्यात फक्त कागद घेत. जे कागद नव्हतं ते सगळं मागच्या पत्र्याच्या खोलीत, काल्तोंगाकडे. कुणा मेलेल्या गावप्रमुखाची डुकरं मोजलेली खाचांची काठी, कोनफळाच्या लागवडीचे दिवस धरलेली गाठींची दोरी, आणि भिंतभर कॅसेटी. कॅसेटींत बेटाबेटांवरच्या म्हाताऱ्यांचे आवाज. राजधानी पोर्ट विलात त्याला नावाने फारसं कोणी हाक मारत नसे. तो सगळ्यांचा 'टेपवाला' होता, आणि त्याला ते आवडायचं.

कामाला माणूस चोख. दर वर्षी कोरड्या दिवसांत प्रत्येक कॅसेट यंत्रात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, म्हणजे फीत फितीला चिकटत नाही. मग मऊ फडक्याने पुसायची, वहीत तारीख घालायची आणि पुढे लिहायचं, 'ठीक'. चारशे अकरा कॅसेटी, चारशे अकरा वेळा 'ठीक'. त्यांतल्या चारशे दहांना तो खरोखर हात लावत असे.

उरलेली एक बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होती आणि डब्याला नामेलेचं पान बांधलेलं होतं. नामेलेचं पान माडाला बांधलं तर शहाळं काढायचं नाही, किनाऱ्यावर रोवलं तर मासे धरायचे नाहीत. डब्याला बांधलं तर डबा उघडायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पान वाळलं की काल्तोंगा नवं आणून बांधायचा. डबा जागेवरून हलवायचासुद्धा नाही.

ही कॅसेट त्याने स्वतः भरली होती. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. खांद्याला यंत्र, गळ्यात कानाला लावायचे भोंगे, असा ऐटीत तो होडीने न्गुना बेटावर उतरला. तिथे लेईपाकोआ नावाची म्हातारी होती. आईकडून चालणाऱ्या नारळ-कुळाचं गाणं तिला येत होतं. पहिल्या आईपासून शेवटच्या आईपर्यंत सगळ्यांची नावं त्यात ओवलेली. ज्या बाईला मुलगी झाली तिलाच ते शिकवायचं. लेईपाकोआची लेक बाळंतपणात गेली होती. नात तीन वर्षांची, अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती, आणि तिचा बाप तिला दूरच्या सांतो बेटावर घेऊन जाणार होता.

"हिला मुलगी होईल तेव्हा मी काही नसेन," म्हातारी म्हणाली. "तुझ्या डब्यात ठेव. ही येईल तेव्हा हिला ऐकव. तोवर कोणी ऐकायचं नाही. तूसुद्धा नाही."

"मला आता ऐकावंच लागेल, आबू. त्याशिवाय भरणार कसं?" आजी असो की आजोबा, आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला आबूच म्हणतात.

"एकदा ऐक. मग विसर."

"एवढंच ना? विसरण्यात मी पटाईत आहे. बायकोला विचारा," तो म्हणाला, आणि म्हातारी खोकला लागेपर्यंत हसली.

पंधरा वर्षं सुरळीत गेली. मग ऑस्ट्रेलियातून मॉरीन नावाची बाई आली. सगळ्या कॅसेटींची संगणकावर नक्कल करायची, कारण फीत काही जन्मभर टिकत नाही, असं तिने शांतपणे समजावलं. चारशे दहांची नक्कल झाली. बिस्किटाच्या डब्यापाशी काल्तोंगा आडवा उभा राहिला.

"मी आवाज पूर्ण बंद ठेवते," मॉरीन म्हणाली. "खोलीत कोणालाच ऐकू येणार नाही."

"यंत्र ऐकेल की."

"यंत्राला कान नसतात, काल्तोंगा."

"मग नक्कल कशाची करणार, बाई?"

हे उत्तर गावभर गेलं. संध्याकाळी मुळ्या कुटून केलेला कावा प्यायला बसलेली मंडळी एकमेकांना सांगू लागली, आमच्या टेपवाल्याने गोरीची बोलती बंद केली! स्वातंत्र्यदिनाला त्याला मांडवात पुढे बसवलं आणि त्याचं उदाहरण दिलं. काल्तोंगा वरवर संकोचला, आतून फुगला.

एक गोष्ट मात्र कोणी विचारली नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारली नाही. पान ज्या बाईने बांधायला लावलं ती अजून जिवंत होती. एमुआच्या धक्क्यावरून अर्ध्या तासाची होडी. जाऊन नुसतं म्हणायचं होतं, आबू, फीत म्हातारी होते आहे, नक्कल करू का? पुढची तीन वर्षं ती जिवंत होती. त्या तीन वर्षांत तो न्गुनाला दोनदा लग्नाला गेला. एकदा तर तिच्याच घरी बसून त्याने लापलाप खाल्लं. ताटात नारळाच्या दुधात भिजलेला भाजका कोनफळाचा लगदा, वर कोंबडीचा पाय, आणि समोर म्हातारी.

"माझा डबा बरा आहे ना रे?"

"ठीक आहे, आबू. कोणाला शिवू दिला नाही."

मॉरीनचं नाव त्याने काढलं नाही. म्हातारी 'कर बाबा नक्कल' म्हणाली असती तर? मग मांडवात पुढे बसवलेला माणूस कुठे बसला असता? असा सरळ विचार त्याने तेव्हा केला नाही, हे खरं. पण तोंड उघडलं नाही ते यामुळेच, हे त्याला पुढे कळलं, आणि कळून उपयोग नव्हता.

म्हातारी गेली. तिच्यामागे अकरा वर्षांनी ते मोठं वादळ आलं. खोलीचा अर्धा पत्रा उडाला, महिनाभर वीज नव्हती. काल्तोंगाने एकेक कॅसेट उघडून, वाऱ्याला धरून, पेन्सिलीने हाताने फिरवून वाचवली. बिस्किटाचा डबा त्याने बाहेरून पुसला. झाकणाच्या फटीला गंजाची रेघ दिसत होती. नवं पान बांधलं आणि वहीत लिहिलं, 'ठीक'.

चार वर्षांनी लेईमारा दारात उभी राहिली. कोंबडीमागे धावणारी तीच नात. आता छत्तीस वर्षांची, सांतोहून जहाजाने आलेली. काखेत दोन महिन्यांचं बाळ.

"तीन मुलगे झाले, आबू. नवरा म्हणाला, आता पुरे. मी म्हटलं, माझी एक वस्तू पोर्ट विलात अडकली आहे, ती सोडवल्याशिवाय मी थांबत नाही." ती हसली. "ही बघा. मुलगी आहे."

काल्तोंगाला भरून आलं. हा दिवस त्याने मनात किती वेळा घोळवला होता. त्याने डबा टेबलावर ठेवला, बाजूला झाला, आणि लेईमाराने स्वतःच्या हाताने पान सोडलं. एका गाठीचं काम. दोन बोटांत सुटलं.

झाकण मात्र निघेना. चाकूने उचकटलं तेव्हा कुबट वास आला. कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती, आणि फितीचं वेटोळं एकजीव झालं होतं. त्याने पुसलं, पेन्सिलीने फिरवायचा प्रयत्न केला, यंत्रात घातली. तारीख, गावाचं नाव, म्हातारीचा खोकला, तिचा एक प्रश्न, त्याचं एक उत्तर. मग घरघर, आणि फीत तुटली. आत जे उरलं होतं ते नखाने सोडवायला गेलं की तपकिरी भुकटी होऊन हाताला लागत होतं.

लेईमाराने रिकाम्या डब्यात एकदा डोकावून पाहिलं.

"दुसरीकडे कुठे नाही?" लेईमाराने विचारलं.

"नाही. एक बाई करून देत होती. मी करू दिली नाही."

"तुम्हीच भरलीत ना ही? समोर बसून?"

"हो."

"म्हणजे तुम्ही ऐकलंय." ती पुढे झुकली. "पान मी सोडलंय, आबू. आता ते माझं आहे आणि मी तुम्हाला मोकळीक देते. चाल राहू दे. नावं सांगा. दोन सांगा. एक सांगा."

काल्तोंगाने डोळे मिटले. त्याला अंगण दिसलं, कोंबडी दिसली, यंत्रावरची काच दिसली. काचेमागचा काटा तर लख्ख दिसला. आवाज चढला की काटा उजवीकडे तांबड्यात जातो आणि तांबड्यात गेला की आवाज फाटतो. अख्खं गाणं त्याने त्या काट्यावर नजर ठेवून ऐकलं होतं.

"काटा तीनदा तांबड्यात गेला," तो म्हणाला. "तीन ठिकाणी तुझ्या आजीने आवाज चढवला. तीनदा मी बटण फिरवून तो कमी केला."

"कोणत्या नावांवर?"

"माझं लक्ष काट्यावर होतं गं पोरी."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. बाळ किरकिरायला लागलं तेव्हा तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि थोपटलं.

"जेवढं आहे तेवढं पुन्हा लावा," ती म्हणाली. "हिला आजीचा खोकला तरी ऐकू दे."

त्याने तुटलेलं टोक चिकटपट्टीने दुसऱ्या चाकाला जोडलं, फीत पेन्सिलीने मागे फिरवली आणि कळ दाबली. कोवळ्या, ऐटबाज आवाजात तारीख झाली, न्गुनाचं नाव झालं. म्हातारी खोकली.

"चालू झालं का रे पोरा?"

"झालं, आबू," सव्वीस वर्षांचा काल्तोंगा म्हणाला. "आता यातलं काही म्हणजे काही हरवत नाही."