भोयासाठी सोडलेली जागा

"इथं जागा सोड रं," असं म्हणत बाई माझ्या स्क्रीनवर बोट टेकवायच्या. बोट कायम चिंचेच्या गोळीने चिकट झालेलं. त्या गेल्या की मी रुमालाने स्क्रीन पुसायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

कर्जतला माझं डीटीपीचं दुकान आहे. अर्ज, लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा. तुमच्या गावातही असं दुकान असेलच, तेव्हा तिथे कसली माणसं येतात ते मी सांगायला नको. बाई त्यांतल्या नव्हत्या. खालापूरकडच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, दहिवलीहून चालत यायच्या. एका जुन्या पुस्तकाचं त्या मराठी करत होत्या आणि हाताने लिहिलेली पानं मला टाइप करायला आणायच्या. कंपनी सरकारच्या काळातला मुंबईचा एक गव्हर्नर, मुक्काम परळचा बंगला; त्याच्या सेक्रेटरीच्या बायकोने विलायतेत बहिणीला धाडलेली पत्रं. गव्हर्नरसाहेबाचा सगळा गोतावळा त्यात होता. डॉक्टर, पाद्री, कर्नल, त्यांच्या बायका आणि सगळ्यांचे रुसवेफुगवे.

बाईंच्या लेखी ही माणसं मेलेलीच नव्हती. "सेक्रेटरीची बायको दोन दिवस जेवली नाय रं," हे त्या दारातूनच सांगायच्या. एकदा बाकावर नोटिशीसाठी थांबलेल्या एका गृहस्थांनी दचकून विचारलं, "कुठल्या सोसायटीचे सेक्रेटरी?"

"परळच्या," बाई म्हणाल्या.

"मग ठीक आहे," म्हणून गृहस्थ पुन्हा मोबाइलमध्ये शिरले.

बसून राहणं बाईंना जमत नसे. मी टाइप करेपर्यंत दारापाशी जायच्या, परत यायच्या, पंखा बंद करायच्या, पुन्हा लावायच्या. पण त्यांची खरी तगमग सुरू झाली ती घाटाच्या पत्रापासून.

गव्हर्नरसाहेब सगळा लवाजमा घेऊन पुण्याला निघाले होते. खालापूरजवळ नदी चढलेली. सेक्रेटरीची चार वर्षांची मुलगी पालखीतून पाण्यात पडली. एका भोयाने खांद्यावरचा दांडा सोडून उडी मारली आणि तिला काढलं. सेक्रेटरीची बायको पत्रात लिहिते, उंच होता, कानाची पाळी फाटलेली होती, इथलाच होता. बस्स. नाव नाही.

"कुत्र्याचं नाव हाय. सीझर," बाई म्हणाल्या. "कर्नलच्या घोडीचं नाव हाय. ज्यानं पोर काढली त्याचं नाय. इथं जागा सोड रं."

मी जागा सोडली. तेव्हापासून बाईंना चैन नव्हतं. एसटीने, टेंपोने, पायी, त्या खालापूर-खोपोलीकडची गावं पालथी घालू लागल्या. तुमच्या घरात मागे कुणी पालखीला होतं का, असं दारोदार विचारायचं. उलट्या बाजूला कळंबपर्यंतसुद्धा जाऊन आल्या. खोपोलीतल्या शिळफाट्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव गावलं तर आमाला जमीन मिळंल का, बाई?" हे सांगताना त्या खूप हसल्या.

शेवटी मी कंटाळलो. म्हटलं, "बाई, त्या जागी गोविंद घालून टाकू. कोण बघायला येतंय?"

त्यांनी पानं पिशवीत भरली. "तुझ्या पोरीला कुणी पाण्यातून काढलं, तर त्याला असंच गोविंद म्हणशील? का विचारशील?"

आठ दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा राग गेलेला होता, पण तोंड उतरलेलं. "एवढी चांगली बाई," त्या म्हणाल्या, "मला बहिणीसारखी वाटायला लागली होती. अन् तिनं साधं नाव विचारलं नाय रं." मुखपृष्ठावर अनुवाद कुणाचा लिहू, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याचं सापडू दे, मग माझं घाल. तिथं पण जागा सोड."

दिवाळीनंतर त्या यायच्या थांबल्या. मला वाटलं, पुन्हा रुसल्या. मी मुद्दाम फोन केला नाही.

महिन्याभराने एक माणूस दुकानात आला. एका बाईचं नाव घेऊन म्हणाला, "त्यांची फाइल आहे ना तुमच्याकडे?"

मी सांगितलं, "या नावाचं कुणी आमच्याकडे येत नाही."

"असं कसं? मावशी तर सारखी तुमच्याकडेच यायची म्हणायची," तो चाचरत म्हणाला. "दहिवलीची. गेल्या महिन्यात वारली."

माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर होता. 'बाई दहिवली' या नावाने. दोन वर्षं त्यांची पानं टाइप केली आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की भाच्याला बसा म्हणायचंही सुचलं नाही. तो म्हणाला, आता मुखपृष्ठावर मावशीचं नाव टाका. तो गेल्यावर मी ते टाइप केलं. बराच वेळ बघत राहिलो आणि पुसलं. आधी भोयाचं, असं त्यांनी सांगितलं होतं; ते अजून सापडायचं होतं.

रविवारी मोटरसायकल काढून खालापूरच्या पलीकडे, बाई न पोचलेल्या एका वाडीवर गेलो. ओट्यावर एक म्हातारा दोरी वळत बसला होता. त्याने मान वर केली. "कुणाला हुडकताय तुमी?"

भोयाची गोष्ट ओठावर आली होती. ती मागे ठेवली आणि त्याच्याजवळ बसलो.

"आधी तुमचं नाव सांगा, बाबा."

"माजं?" म्हातारा हसला. "माजं कशाला रं?"

मी वही उघडली.