उजवीकडची पाकळी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच — आणि बोलायला हवं होतं ते तिच्याशीच. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या सकाळी तुमच्यासमोर चहाला बसायचं नाही मला.

शुभदा नर्स आहे. माहेर सावंतवाडीकडचं, लग्न होऊन इकडे गोव्यात, डिचोलीत आली. मी खाणीवर वजनकाट्याला होतो — ट्रक चढायचा, मी वजन लिहायचो, ट्रक उतरायचा. खाणी बंद पडल्या आणि मी घरी बसलो. पोदेराकडून पाव घ्यायचे, तिचा डबा भरायचा, मैथिलीला शाळेत सोडायचं. याला काम म्हणत नाहीत, निदान आमच्या गावात तरी.

तेव्हा तिने ऑस्ट्रेलियाचं काढलं. तिकडे गुणांवर माणसं घेतात — वयाचे गुण, शिक्षणाचे, अनुभवाचे, इंग्रजीचे. ड्युटीवरून येऊन ती लेकीशेजारी बसून अभ्यास करायची, आणि मी विचारायचो, यंदा दहावीला नक्की कोण बसतंय? हसायची. नवऱ्याच्या इंग्रजीचेही थोडे गुण धरतात म्हणून मलाही परीक्षेला बसवलं. मी आपटलो. "असूंदे, माझ्या गुणांत भागात," म्हणाली. भागलंसुद्धा. तिकडून बोलावणं आलं. आता मुदतीच्या आत पक्का अर्ज भरायचा. ही मुदत चुकली तर पुन्हा बोलावणं कठीण — तिची चाळिशी जवळ आली होती, ती ओलांडली की वयाचे गुण उतरणार होते. अर्जदार ती. आणि मी कोण? तर तिच्यावर अवलंबून असलेला. तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला.

मला जायचं नव्हतं. साधी गोष्ट आहे ना? शुभदा, मला भीती वाटते, तिकडे मी कुणीच नसेन — एवढं म्हणता आलं असतं की नाही? ती भांडली असती, रडली असती, कदाचित ओढत घेऊन गेली असती. पण मी आपला गावभर सांगत फिरत होतो, बायको नेतेय, आपली काय, मजा आहे.

मग आईने देवीचं नाव काढलं. आमच्याकडे मोठं काही करायचं तर ग्रामदेवीचा कौल घेतात. पुजारी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. "देवीक विचारल्याबगर वचूंक जायना," आई म्हणाली; तिला विचारल्याशिवाय जायचं नाही. शुभदाने लगेच मान हलवली. तिचा देवीवर फार जीव. मूल राहत नव्हतं तेव्हा तिने कौल घेतला होता, उजवा मिळाला होता, आणि मग मैथिली झाली. देवी म्हणेल तसं, असं ती मनापासून म्हणाली.

तिची ड्युटी होती, आईचे गुडघे धरलेले. मी एकटाच गेलो.

गाऱ्हाणं चाललं होतं आणि मी — कसं सांगू — मी डाव्या पाकळीकडे बघत होतो. पड गे बाई, म्हणत होतो. उजवी पडली. फार वेळही लावला नाही तिने. "उजवा दिला. जावा बिनघोर," भटजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांची पूजेची पाळी संपत होती, ते फोंड्याला मुलाकडे जाणार होते. हे मला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो दिवस मी धरला होता. बघा, म्हणजे सुचलं ते वाटेत नाही.

घरी येऊन मी सांगितलं, डावी पडली.

कुणी शंका घेतली नाही. कोण घेणार? आमच्याकडे माणूस कोर्टात खोटं बोलेल, कौलात नाही. शुभदा युनिफॉर्मवरच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. नीट बघितलंत ना, एवढंच विचारलं. हो म्हणालो. मग तिने उठून भाताला पाणी ठेवलं. मुदत टळली, तिची चाळिशी झाली. पुन्हा अर्ज तिने केला नाही. मला पुढे एका हॉटेलात काम मिळालं. ती अजून रात्रपाळ्या करते, कंबरेला पट्टा बांधून. कुणी विचारलं तर मीच सांगायचो, देवीने अडवलं हो. किती सहज सांगायचो.

आई आता नाही. मैथिली नर्स झाली आणि गेल्या महिन्यात तिचं ऑस्ट्रेलियाचं बोलावणं आलं. मला वाटलं, या खेपेला खरा कौल आणू, निदान तेवढं तरी. नारळ पिशवीत घातला, चप्पल घातली.

शुभदा भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"तिका इचारू नकात," ती म्हणाली. "तिका माझा बरा बघवला नाय. पोरीचातरी होवंदे."

दर शुक्रवारी ओटी घेऊन देवळात जाते ती. इतकी वर्षं हे मनात घेऊन जात होती. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. ती समोर होती, पोरगी आतल्या खोलीत होती, आणि देवीवरचा आळ एका वाक्याने उतरला असता.

मी चप्पल काढली, नारळ ओट्यावर ठेवला. बरं, म्हणालो.