शेजारच्या वावरातला ड्रोन

माझा ड्रोन तुरीवरून चालला होता आणि मी पाहत होतो शेजारच्या वावरात. तिथं रेखाताई फवारत होती.

शेलूबाजारजवळची गोष्ट. शेतकऱ्यांच्या कंपनीला हंगामभरासाठी एकच ड्रोन पायलट ठेवायचा होता. कंपनीच्या साहेबांनी आम्हा दोघांना लागून असलेली दोन वावरं दिली. "ज्याचं काम चांगलं, त्याचा हंगाम," एवढंच म्हणाले.

खरं सांगतो, मी जळत होतो. माझं लायसन्स आधीचं. या भागात पहिला ड्रोन मी उडवला. ही बाई कालपरवापर्यंत पाठीवर पंप घेऊन मजुरीनं फवारायची. बचत गटातून ट्रेनिंगला गेली काय, आली काय, अन् लोक मलाच फोन करून विचारू लागले, "रेखाताईचा नंबर आहे का?" आता सांगा, कोणाच्या पोटात दुखणार नाही?

या कामात नजरेची शिस्त लागते. हातातल्या रिमोटच्या स्क्रीनवर उंची, बॅटरी, टाकीतलं औषध दिसतं. पण बारीक तार स्क्रीनवर दिसेलच असं नाही. म्हणून डोळे ड्रोनवर ठेवायचे. स्क्रीनकडे नुसतं डोकावायचं, की लगेच पुन्हा वर. वावराचा मधला भाग ड्रोन आपोआप फवारतो. धुऱ्याची, म्हणजे बांधाची, कड मात्र हातानं करावी लागते. तिथं बाभळी असतात आणि विहिरीवरच्या मोटरची वायर असते.

मी कडेला पोचलो होतो. स्क्रीन पाहिली, रेखाताईकडे पाहिलं. किती सफाईनं वळवते हो ही! पुन्हा स्क्रीन, पुन्हा रेखाताई. तिचा एखादा पट्टा कोरडा सुटावा म्हणून मी अक्षरशः टपून बसलो होतो.

"सुमेधभाऊ, वायर! स्टिक सोडा, सोडा!" रेखाताई ओरडली.

मी दोन्ही अंगठे उचलले. रिमोटच्या स्टिक सोडल्या की ड्रोन जागीच थांबतो. थांबला तेव्हा वायर हातभर अंतरावर होती. कसाबसा मागे घेऊन उतरवला.

साहेब धावत आले. "काय झालं?"

"वारा आला, सर."

तुरीचं पानसुद्धा हललं नव्हतं. रेखाताईनं आपला ड्रोन शांतपणे उतरवला.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "ताई, तुले कसं दिसलं? तू तं तुहा ड्रोन उडवून राह्यली होती."

"बाजूले दुसरा ड्रोन असला की दर वळणावर त्याच्यावर बी नजर टाकाची. तुमीच तं शिकवलं आमच्या गटाले."

"मग मी बी तं तिकडेच पाहत होतो."

"नाही भाऊ. तुमी माह्याकडे पाहत होते. ड्रोनकडे नाही."

हंगाम तिला मिळाला. साहेबांनी मलाही ठेवलं, तिचा ऑब्झर्व्हर म्हणून. म्हणजे धुऱ्यावर उभं राहून आभाळाकडे बघणारा माणूस. दिवसभर तिच्याच ड्रोनकडे पाहणं, हे आता माझं कामच झालंय.

जळतो मी अजूनही. पण आधी वायर पाहून घेतो.