आमचा अबोला आणि कॉलनीच्या कुरडया

महाडच्या एमआयडीसीत आमच्या कागद गिरणीचं स्वतःचं वीजघर होतं. त्याचा बॉयलर कोळशावर चाले आणि गॅसवरही. गॅस महाग, म्हणून एरवी कोळसाच. कोळशाच्या दिवशी चिमणीतली बारीक काळी राख नेमकी आमच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर उतरायची. त्यामुळे उन्हाळ्यात वाळवण घालायचं ते गॅसच्या दिवशी. तो दिवस कुठला, हे कॉलनीत फक्त मला कळे, कारण नवरा बॉयलरवर होता. मी परात घेऊन जिना चढले की पटापट दारं उघडत. मला वाटायचं, वीजघर मीच चालवते.

त्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून सासूबाईंचा निरोप आला, रुखवताच्या कुरडया सुनेनं करायच्या, आणि पांढऱ्याशुभ्र. मी गहू भिजत घातले आणि ते भिजत असतानाच नवऱ्याशी भांडले. कोलंबीच्या कालवणाला आईच्या हातची चव नाही, असं तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता. मग काय, अबोला. तेव्हाच्या त्या बाईचा, म्हणजे माझाच, ताठा काय सांगू, भातसुद्धा भिंतीकडे बघून वाढायची.

गव्हाचा चीक मात्र अबोला संपायची वाट बघत नाही, आंबतो. आदल्या रात्री नवऱ्याला विचारता आलं असतं, पण विचारलं तर मी हरले असते. सकाळी तो पाळीवर गेल्यावर खिडकीतून पाहिलं, तर चिमणी लख्ख. मी परात उचलली.

"काय गो, आज गॅस हाय ना?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"हाय तर. चिमणी दिसत नाय?"

दुपारपर्यंत अख्ख्या कॉलनीच्या कुरडया, पापड्या गच्चीवर. आणि ओल्या कुरडयांवर राख अशी बसली, की जणू त्यांना दाढी फुटली.

नवरा पाळी संपवून आला. मी समोर उभी, पण तो काकूंशी बोलला. "काकू, तुमच्या शेजारणीला सांगा, बॉयलर रात्री बंद होता. थंड बॉयलर आधी गॅसवर पेटवतात. तापला की कोळसा."

"मग सकाळी का नाय सांगितलंस मेल्या?"

"मला इचारलं कोनी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सासूबाई यायला चारच दिवस उरले होते. घरात येऊन मी भिंतीला विचारलं, "आता गॅस कधी?"

"भिंतीला ठाव नाय," नवरा म्हणाला.

शेवटी वळले. "अवो, गॅस कधी हाय?"

"गुरुवारी दिवसभर. कोळशाचा पट्टा दुरुस्तीला काढतायत. गहू आत्ताच भिजत घाल." मग जरा थांबून, "कालवण बरं झालं होतं तसं."

त्या 'तसं'वर मला पुन्हा भांडता आलं असतं. पण गुरुवार त्याच्या हातात होता. गहू काढले.

रुखवतात कुरडया अशा पांढऱ्या दिसल्या, की विहीणबाईंनी बोट लावून पाहिलं. पण कॉलनीच्या बायकांनी धडा घेतला होता. त्यानंतर शिमगा झाला की आमच्या घरातून जरा आवाज चढायचा अवकाश, काकू दारात हजर.

"काय भांडायचं ते पावसात भांडा गो. आमचे पापड राह्यलेत."